पाळण्यातलं नाव आणि हजेरीतलं नाव

(रिसोड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



रिसोडात बोलायचं म्हटलं की मला थोडं दडपण येतं. बाहेरगावी व्याख्यान असलं की लोक मला 'सर' म्हणून ओळखतात. इथे पुढच्या दोन रांगांत बसलेल्यांपैकी निम्म्यांना माझं पाळण्यातलं नाव माहीत आहे. (हशा) ते नाव मी कागदावर कधी लिहिलं नाही. आज मात्र सांगणार आहे, कारण विषयच तो आहे.

विषय निघाला घरातून. पुण्याला माझ्या मुलाला मुलगी झाली. फोनवर त्यानं नाव सांगितलं. दोन अक्षरी नाव, ऐकायला गोड, पण मी आयुष्यात कधी न ऐकलेलं. मी मोल्सवर्थचा कोश काढला, आपट्यांचा काढला, कुठेच सापडेना. मग मी आजोबा विचारतात तो प्रश्न विचारला, "अरे, याचा अर्थ काय?" फोन थोडा वेळ गप्प झाला. मग सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या नावाचा अर्थ तुम्हाला आजवर किती जणांनी विचारला?"

खरं सांगतो, या एका वाक्यानं मला पंधरा दिवस कामाला लावलं.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. आमच्याकडे विशेषनाम हा मोठा वादाचा विषय आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं, की विशेषनामाला अर्थ नसतो, ते फक्त खूण करतं. त्याचं उदाहरण एका गावाचं होतं. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमथ. पण उद्या नदीनं पात्र बदललं तरी गाव डार्टमथच राहणार. आपलंच घ्या. आपली जुनी माणसं सांगतात, ऋषिवटाचं रिसोड झालं. आता तो वड कुठे आहे? नाही. म्हणून एसटीच्या पाटीवरचं रिसोड कुणी पुसलं का? नाही. पुढे १९७० साली सॉल क्रिप्की या अमेरिकन तत्त्वज्ञानं प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एकदा कुणीतरी नाव ठेवतं, मग ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात राहतं, आणि ही साखळी टिकते तोवर नाव त्याच माणसाला चिकटून राहतं. म्हणजे तत्त्वज्ञानातलं बारसंच की हो! आत्या कानात सांगते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि साखळी सुरू. (हशा)

हे सगळं मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. नाव म्हणजे खूण, अर्थ शोधू नका. पण इतिहासाकडे बघितलं की दिसतं, आपल्या समाजानं हे कधीच मानलेलं नाही. आपण नावात जात घातली, भीती घातली, प्रेम घातलं, तिरस्कारही घातला. कसा ते पाहू.

पतंजलीपासून सुरुवात करतो. इसवी सनापूर्वी दुसरं शतक. महाभाष्याच्या अगदी सुरुवातीला तो विचारतो, व्याकरण शिकायचं कशाला? त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक असं, की मुलाचं नाव नीट ठेवता यावं म्हणून! दहाव्या दिवसानंतर नाव ठेवावं, सुरुवात घोष वर्णानं व्हावी, मध्ये य, र, ल, व यांपैकी काही असावं, अक्षरं दोन किंवा चार असावीत, तीन पिढ्यांच्या पूर्वजांची आठवण असावी, आणि शत्रूच्या घरात रुळलेलं नाव नसावं. आजचे आईबाप मोबाइलवर शोधतात, 'र वरून मुलीचं नाव, दोन अक्षरी'. पतंजलीनं त्यांना पसंतीची पावती दिली असती.

दुसरीकडे मनुस्मृती. दुसऱ्या अध्यायात सांगितलंय, ब्राह्मणाचं नाव मंगलवाचक असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक, आणि शूद्राचं निंदावाचक. ऐकलंत? निंदावाचक. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या कपाळावर त्याची पायरी लिहायची, तीही त्याच्याच नावानं. आता मिलसाहेबांना विचारा, नाव म्हणजे नुसती खूण का?

पण मनूचा सगळाच शब्द मराठी माणसानं ऐकला असंही नाही. तिसऱ्या अध्यायात तो सांगतो, नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आता इथे बसलेल्या माताभगिनींमध्ये गंगा, गोदावरी, यमुना, रोहिणी, रेवती, तुळसा किती आहेत? हात वर करा. (हशा) बघा! मनूचं ऐकलं असतं तर अर्धा महाराष्ट्र बिनलग्नाचा राहिला असता. शास्त्रातलं सोयीचं तेवढं घ्यायचं, बाकीचं सोडायचं, ही आपली जुनी रीत. खालच्यांना हिणवणारा नियम आपण घट्ट धरला आणि नदीचा नियम नदीत सोडला, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातली नावं बघा. विंध्यशक्ती, सर्वसेन, देवसेन, हरिषेण. नाव घेतलं की फौज चालल्यासारखं वाटतं. हिस्से बोराळ्याला देवसेनाच्या काळातला शिलालेख सापडला, शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८. सुदर्शन नावाचं तळं बांधल्याची त्यात नोंद आहे, आणि बांधणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे स्वामिल्लदेव. 'स्वामिल्ल' हा बोली वळणाचा शब्द, त्याला पुढे 'देव' जोडला. म्हणजे लाडाचं घरगुती रूप आणि दरबारी शेपूट एकत्र. आपल्याकडे बाळासाहेब, बापूसाहेब होतात तसंच.

त्याच्याही आधी सातवाहन. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजे आईच्या गोत्रनामावरून स्वतःला ओळखून देतात, नाशिकच्या लेण्यात तसं कोरून ठेवतात. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री, तिचाच तो नाशिकचा लेख. आणि आज? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नोंदीत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय झाला. तेव्हा किती लोक कुरकुरले! म्हणे, हे काय नवीन खूळ? नवीन कसलं? हा रिवाज आपल्याच मातीत दोन हजार वर्षं जुना आहे. विचित्र वाटतं ते पुष्कळदा आपणच विसरलेलं असतं.

नाव बाहेरून येतं याचाही आपल्याला विटाळ नव्हता. परंपरा सांगते, की मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली. त्याच घरात पुढे शिवाई देवीच्या नावावरून शिवाजी आले असं सांगतात. एका घरात पीरही आणि देवीही. आज कुणी नाव ऐकलं की आधी जात शोधतो, मग धर्म शोधतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता मी माझ्या नावाकडे येतो.

माझ्याआधी आईची दोन मुलं गेली. मी झालो तेव्हा आजीनं मला सुपात घालून घरामागच्या उकंड्यावर ठेवलं. दाईनं उचललं, आणि मूठभर ज्वारी देऊन आईनं मला तिच्याकडून विकत घेतलं. बारशात नाव ठेवलं उकंडा. उकंडा म्हणजे उकिरडा, बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आजी म्हणायची, "चांगलं नाव ठेवलं का लेकरावर नजर पडते रे बाबू." यम यादी घेऊन आला तर त्याला वाटावं, हा तर कचरा आहे, हा कशाला न्यायचा?

या एका युक्तीवर महाराष्ट्रातल्या किती पिढ्या वाढल्या! धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, फकिरा. हे फक्त गरिबांत किंवा खेड्यात होतं असं समजू नका. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, एकोणिसाव्या शतकातले नाणावलेले गणिती, लोकमान्यांचे गुरू. धोंडो केशव कर्वे, महिला विद्यापीठ काढणारे, १९५८ चे भारतरत्न. पुण्यात ज्याच्या गणपतीपुढे रांगा लागतात ते हलवाई दगडूशेठ. या प्रत्येकाच्या घरी आधीची मुलं गेली होती असं मी म्हणत नाही, पण नावांची जात ती आहे. कधी मुलाला मुलीसारखं वाढवून नाक टोचत आणि नथ घालत. गांधीजींचा खुनी नथुराम गोडसे याचं मूळ नाव रामचंद्र. आधीचे भाऊ दगावले म्हणून नथ घातली, आणि त्या नथीवरून पडलेलं नाव जगाला कळलं.

या नावांमागे काय आहे? बालमृत्यू. देवी, पटकी, धनुर्वात. लस नव्हती, दवाखाना नव्हता, तेव्हा गरीब आईच्या हातात एकच औषध होतं, ते म्हणजे नाव. ती जगाला खोटं सांगत होती. तोंडानं 'धोंड्या' म्हणत होती आणि पदराखाली झाकत होती. शब्द तिरस्काराचा आणि आतून सगळं प्रेम. पुढे लसीकरण आलं, मुलं जगू लागली, आणि हळूहळू धोंडू-दगडू पाळण्यातून गेले. ते कुणी बंदी घालून घालवले नाहीत, त्यांची गरज संपली.

पण याच कुळातलं दिसणारं एक नाव त्या कुळातलं नाही. ते म्हणजे नकुसा, नकोशी.

दिसायला सारखंच. तेही वाईट नाव, हेही वाईट नाव. काहीजण तसा युक्तिवादही करतात, की धोंडू चालतो तर नकुसा का नको? फरक बघा. धोंडूच्या आईला मूल हवं होतं म्हणून ती नको म्हणाली. नकुसाच्या घराला मूल खरंच नको होतं आणि त्यांनी तसं स्वच्छ सांगितलं. तिसरी, चौथी मुलगी झाली की नाव नकुसा, म्हणजे पुढचा मुलगा होईल. हरियाणात अशा मुलीला 'भतेरी' म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात 'माफी'. ही नावं मुलीसाठी नसतातच. तो देवाला पाठवलेला निरोप असतो, आणि मुलगी त्या निरोपाचं पाकीट. आयुष्यभर तिला हाक मारली की तोच निरोप पुन्हा वाचला जातो.

२०११ साली सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्यानं आणि जिल्हा परिषदेनं अशा मुलींचा शोध घेतला, आणि २२ ऑक्टोबरला साताऱ्यात २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली. ते वर्ष जनगणनेचं होतं. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात मुली किती? २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४. म्हणजे नकुसा नाव ठेवणाऱ्यांनी निदान मुलीला जन्म तरी घेऊ दिला. पुष्कळांनी नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली नाही. हे बोलताना बरं वाटत नाही, पण इतिहास सांगायचा तर सगळा सांगावा लागतो.

मुलीच्या नावाची दुसरी गोष्ट लग्नातली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, की जुनं नाव संपलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. दोन यमुना गेल्या, एक आनंदी आणि एक रमा झाली. दोघींनी पुढे मोठं काम केलं, पण त्या कामावर जे नाव लागलं ते त्यांना कुणी विचारून दिलेलं नव्हतं.

आता उलट दिशेचं उदाहरण. आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातलं गहुली. फुलसिंग नाईकांच्या बंजारा घरात १९१३ साली मुलगा झाला, हाजूसिंग. पुढे तो वसंतराव झाला आणि मुख्यमंत्री झाला. शाळेत, कचेरीत वावरायला मराठी वळणाचं नाव सोयीचं पडतं, हे तांड्यातल्या पुष्कळ मुलांना आजही माहीत आहे. सोय म्हणून ते ठीक आहे. मात्र प्रत्येक वेळी सोय एकाच बाजूनं का करून घ्यावी लागते, हाही प्रश्न राहतोच.

आणि सगळ्यात मोठा बदल १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा. नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतरच्या पिढीतली हजेरी बघा. सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. ज्या घरात आजोबांना मनूच्या हिशेबानं टाकाऊ नाव मिळालं होतं, तिथे नातवाचं नाव मिलिंद, म्हणजे नागसेनाला खडे प्रश्न विचारणारा राजा. ही माझ्या मते विसाव्या शतकातली महाराष्ट्रातली सगळ्यात शांत आणि सगळ्यात दूरवर पोचलेली क्रांती आहे. सुरुवातीला या नावांनाही नाकं मुरडली गेली. आज सिद्धार्थ आणि राहुल कुठल्या घरात नाहीत?

याच परंपरेतली एक जातककथा आहे. पापक नावाचा विद्यार्थी गुरूला म्हणतो, माझं नाव अशुभ आहे, बदलून द्या. गुरू म्हणतात, फिरून ये, आवडेल ते नाव शोध. तो निघतो. एक प्रेतयात्रा दिसते, मेलेल्याचं नाव जीवक. एका दासीला पैसे आणले नाहीत म्हणून मारत असतात, तिचं नाव धनपाली. रस्ता चुकलेला एक माणूस भेटतो, त्याचं नाव पंथक. पापक परत येतो आणि म्हणतो, राहू द्या, आहे तेच बरं. कथा सुंदर आहे. मी ती वर्गात कितीदा तरी सांगितली. आणि ती सांगण्याचा मला अधिकार नव्हता. का, ते सांगतो.

१९७७ साल. एका महाविद्यालयात मी नवा लागलो होतो. प्रथम वर्षाची हजेरी घेत होतो. एका नावापाशी आलो. उकंडा. मी वाचलं, थांबलो, आणि हसलो. खोटं कशाला बोलू, मोठ्यानं हसलो. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा मुलगा 'हजर' म्हणाला आणि खाली बसला. आठ दिवस तो आला नाही. मग अर्ज घेऊन आला, की सर, हजेरीत माझं दुसरं नाव लिहा. मी म्हणालो, मॅट्रिकच्या दाखल्यावर आहे तेच लिहावं लागतं. त्यावर मी काय तोडगा काढला? वर्षभर त्याला 'रोल नंबर ४२' म्हणून हाक मारली. वर ती पापकाची गोष्टही सांगितली, जणू त्याच्या भल्यासाठी. एक वाक्य बोललो असतो, "अरे, माझंही नाव तेच आहे", तर त्या मुलाचं वर्ष वेगळं गेलं असतं. मी बोललो नाही. शाळेत घालताना मास्तरांनी माझं नाव बदललं होतं, म्हणून मी सुटलो होतो. सुटलेला माणूस मागे राहिलेल्याला हसतो, ही गोष्ट मला कुठल्या ग्रंथात सापडली नाही, स्वतःत सापडली.

तेव्हा पापकाची कथा ज्याला नाव मिळालं त्यानं स्वतःला सांगावी. नाव ठेवणाऱ्यानं किंवा हसणाऱ्यानं ती सांगू नये.

आता आजची नावं. रेयांश, कियान, मायरा. तक्रार अशी की अर्थ नाही, परकी वाटतात, उच्चारता येत नाहीत. पण 'अशोक'चं काय झालं? ब्राह्मी लिपी १८३७ साली प्रिन्सेपनं वाचली, मास्कीच्या शिलालेखात प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव १९१५ साली मिळालं, आणि त्यानंतर विसाव्या शतकात ते घराघरांत गेलं. कवी रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव बंगाली संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. आज 'सचिन' कुणाला बंगाली वाटतं का? नाव जुनं व्हायला एक पिढी पुरते.

माझं म्हणणं एवढंच. नवं नाव ठेवताना आईबापांनी दोन प्रश्न विचारावेत. हे नाव बाळासाठी आहे की जगाला पाठवलेला निरोप आहे? आणि शाळेच्या पहिल्या दिवशी, पन्नास पोरांसमोर, हे नाव मोठ्यानं वाचलं जाईल तेव्हा त्याला मान वर ठेवता येईल का? घाई नको. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर घालता येतं. आणि आपण जे ऐकणारे, त्यांनी एकच करावं. नाव कानावर पडलं की आधी नीट उच्चारायला शिकावं, अर्थ मागाहून विचारावा. साखळी आपल्या तोंडातून जाते, ती आपण मळवू नये.

पुढच्या रविवारी नातीचं बारसं आहे. माझी मुलगी, म्हणजे तिची आत्या, कानात नाव सांगेल. मी पाळण्याजवळ बसून ते दहा वेळा म्हणून बघणार आहे. आणि ती मोठी झाली की तिला माझंही पाळण्यातलं नाव सांगणार आहे. तिनं हसायचं असेल तर हसू दे.



(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले : सर, तो विद्यार्थी पुढे भेटला का?)

नाही. म्हणूनच आज इथे, या माइकवर सांगितलं. हे ध्वनिमुद्रण कुठून कुठे जातं सांगता येत नाही. रोल नंबर ४२ ऐकत असेल तर त्यानं फोन करावा. मी त्याला नावानं हाक मारीन, तो म्हणेल त्या नावानं.